आमवाताभ संधिशोथ : कारणे व धोकाघटक

आमवाताभ संधिशोथ (इंग्रजीत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) हा शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटल्यामुळे होणारा दीर्घकालीन विकार असून, त्यात प्रामुख्याने हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात व सकाळी बराच वेळ आखडलेले राहतात. उतारवयात गुडघ्यांची झीज होऊन जडणारा संधिवात आणि रक्तातील यूरिक अम्ल वाढल्याने उद्भवणारा संधिवात यांची कारणे वेगळी असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

या रोगाचे मूळ नेमके किती जुने, याविषयी मतभेद आहेत. १८०० साली लांद्रे-बोव्हे या फ्रेंच वैद्याने पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील नऊ रुग्णांच्या आधारे लिहिलेला प्रबंध हे सामान्यतः पहिले स्पष्ट वर्णन समजले जाते. हे नऊही रुग्ण स्त्रिया होत्या, पण ते रुग्णालयच स्त्रियांचे असल्याने त्यावरून लिंगप्रमाणाचा निष्कर्ष काढता येत नाही. १८५९ मध्ये ॲल्फ्रेड गॅरड या इंग्रज वैद्याने रोगाला आजचे इंग्रजी नाव दिले. त्याचा पुत्र आर्चिबाल्ड गॅरड मात्र हा रोग प्राचीन काळापासून चालत आलेला असल्याचे मानत असे. उत्तर अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यात सापडलेल्या, काही हजार वर्षांपूर्वीच्या समजल्या जाणाऱ्या सांगाड्यांत बोटांच्या हाडांच्या कडा दोन्ही हातांवर सारख्याच कुरतडल्यासारख्या दिसतात आणि माकडहाडाजवळचे सांधे शाबूत असतात. त्यावरून हा रोग नव्या जगात (अमेरिका खंडांत) उपजला व तेथून एखाद्या जंतूबरोबर किंवा तंबाखूसारख्या पदार्थाबरोबर युरोपात पोहोचला असावा, अशी उपपत्ती मांडली गेली. जुन्या जगातील सांगाड्यांत अशा खुणा विरळाच आढळतात, हे तिचे बळ. परंतु लहान हाडे मातीत टिकत नाहीत आणि उत्खननात सहज निसटतात, हा आक्षेपही तितकाच वजनदार आहे.

भारतीय परंपरेत माधवनिदान (सुमारे सातवे-आठवे शतक) या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. मंदाग्नी व विरुद्ध आहार यांमुळे साठणारा ‘आम’ (नीट न पचलेला अन्नरस) हे त्याचे कारण सांगितले असून वेदनेला विंचवाच्या दंशाची उपमा दिली आहे. अनेक लेखक या वर्णनाला प्रस्तुत रोगाचा सर्वांत जुना पुरावा मानतात. तथापि ज्वर आणि दोष जाईल तेथे सरकणारे दुखणे ही लक्षणे घशाच्या संसर्गानंतर मुलांना होणाऱ्या सांधेज्वरालाही लागू पडतात. त्यामुळे दोन्ही रोग त्या वर्णनात एकत्र आले असावेत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

आनुवंशिकतेचा वाटा निश्चित असला तरी मर्यादित आहे. एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला रोग झाल्यास दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्केच भरते. सर्वांत मोठा जनुकीय संबंध एचएलए-डीआरबी१ या, प्रतिकार यंत्रणेला प्रथिनांचे तुकडे दाखवणारा रेणू घडवणाऱ्या जनुकाच्या काही प्रकारांशी आहे. या प्रकारांत प्रथिनसाखळीच्या ७० ते ७४ या स्थानांवरील ॲमिनो अम्लांचा क्रम जवळपास सारखा असतो, हे १९८७ मध्ये दाखवून देण्यात आले. शरीरातील प्रथिनांतील आर्जिनीन या ॲमिनो अम्लाचे सिट्रुलीन या दुसऱ्या ॲमिनो अम्लात रूपांतर झाले की त्याचा धनभार नाहीसा होतो व असा तुकडा या रेणूच्या खाचेत अधिक घट्ट बसतो. मग यंत्रणा त्याला परका समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते. रक्तपेढ्यांत जपून ठेवलेल्या नमुन्यांत ही प्रतिपिंडे पहिला सांधा दुखण्यापूर्वी कित्येक वर्षे आढळलेली आहेत. त्यामुळे रोगाचा आरंभ सांध्यात न होता फुप्फुसांच्या किंवा हिरड्यांच्या अस्तरात होत असावा, या मताकडे आता बहुतेक अभ्यासकांचा कल आहे.

टाळता येण्याजोग्या धोकाघटकांत धूम्रपान सर्वांत महत्त्वाचे असून वरील जनुकप्रकार असलेल्यांत त्याचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवल्या जाणाऱ्या तंबाखूच्या पाहणीत असा धोका दिसला नाही. यावरून दोष निकोटीनपेक्षा धुराचा असावा असे दिसते, मात्र हा निष्कर्ष महाराष्ट्रातील मिश्रीला जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. दगडखाणी व बांधकामातील सिलिकायुक्त धूळ हाही मान्य घटक आहे. हिरड्यांच्या जुनाट रोगातील एक जीवाणू स्वतःच सिट्रुलीन तयार करू शकतो, परंतु त्याचा कार्यकारणसंबंध अद्याप वादग्रस्त आहे.

स्त्रियांत हा रोग पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. गर्भारपणात तो बहुधा शमतो व बाळंतपणानंतर उसळतो; १९३० च्या दशकात फिलिप हेंच या अमेरिकी वैद्याने या शमनाचा माग काढत नेल्यानेच पुढे कॉर्टिझोन या संप्रेरकाचा उपचारात उपयोग झाला. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये या रोगाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले, तर अमेरिकेतील काही आदिवासी जमातींत ते पाच टक्क्यांच्या आसपास जाते.

आंबट पदार्थांनी रोग होतो या समजुतीला आधार नाही. थंड, दमट हवेत दुखणे वाढल्याचे अनेक रुग्ण सांगतात, पण हवा हे रोगाचे कारण नव्हे. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रात परिचित झालेल्या चिकुनगुन्यात सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहतात आणि चित्र हुबेहूब या रोगासारखे दिसते. मात्र अशा बहुतेक रुग्णांत सिट्रुलीनविरोधी प्रतिपिंडे आढळत नाहीत.