बिलांची यादी म्हणजे देखभालीची शीट नव्हे

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या सोसायटीत गाडीची नोंद स्प्रेडशीटमध्ये ठेवणारे आता पाच-सहा जण झालेत. मोबाइल पुढे करून सांगतात, "बघा, गाडी घेतल्यापासूनचं एकूण एक लिहिलंय." बघतो. तारीख, काय काम केलं, किती पैसे झाले, तळाला बेरीज. मग मी विचारतो, "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?" आणि बोट वर-खाली सरकत राहतं, उत्तर सापडत नाही.

ही खर्चाची यादी आहे. तिला देखभालीची शीट म्हणतात, याचा मला मनापासून त्रास होतो, कारण या घोळापायीच कामं राहून जातात.

खर्चाच्या यादीवर फार लिहीत नाही. घरात किराण्याची वही असते तशीच ती. वर्षाला गाडीवर किती गेले ते कळतं, गाडी विकताना गिऱ्हाइकाला दाखवता येते. ठेवाच.

फरक आहे तो एका ओळीत काय लिहायचं याचा. खर्चाच्या यादीत एक ओळ म्हणजे गॅरेजची एक फेरी. फेऱ्या वाढतील तशी यादी लांबत जाते. देखभालीच्या शीटमध्ये एक ओळ म्हणजे एक काम: इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट, टायर रोटेशन, बॅटरी, पीयूसी, इन्शुरन्स. चौदा-पंधरा ओळी होतात आणि दहा वर्षांनीही तेवढ्याच राहतात. काम झालं की त्याच ओळीतली जुनी तारीख आणि किलोमीटर पुसून नवे टाकायचे. जुनं पुसायला मन होत नाही, हे मला माहीत आहे. पण ते बिलांच्या यादीत आहेच.

एवढा आग्रह का? कारण बिलांच्या यादीत फक्त झालेली कामं दिसतात. जे काम झालंच नाही, त्याचं बिल कुठून येणार?

हे मी कसारा घाटात शिकलो. मुंबईला निघालो होतो, गाडी भरलेली, पुढे कंटेनरची रांग, म्हणून उतारावर सतत ब्रेक. निम्मा घाट उतरल्यावर पेडल मऊ लागायला लागलं, नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. गिअर उतरवून गाडी कडेला घेतली. माझ्या यादीत तोवर पाच सर्व्हिस होत्या आणि पाचही ठिकाणी "ब्रेक चेक केले" असं मीच लिहिलेलं होतं. ब्रेक ऑइल मात्र गाडी घेतल्यापासून तेच. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून गाडी उभी असली तरी ते जुनं होतं. डॉट ४ प्रतीचं कोरं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा धरला की ती हमी १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली जातं.

म्हणून माझा हट्ट: गॅरेजच्या जॉब कार्डावरचं "चेक केलं" हे "बदललं" म्हणून शीटमध्ये चढवू नका. गाडीच्या पुस्तकातल्या तक्त्यात तपासणं आणि बदलणं यांच्या खुणा वेगळ्या असतात, तो तक्ता समोर ठेवूनच ओळी भरा. आणि नुसतं "सर्व्हिस केली" ही नोंद तर लिहूच नका. कशाची केली?

दुसरी अडचण "किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते" या वाक्याची. वाचतात सगळे, पण शीटमध्ये फक्त किलोमीटरचा रकाना ठेवतात. समजा, इंजिन ऑइल १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने असं आहे, आणि शेवटचं बदललं १२ मार्च २०२५ ला, ४१,२०० वर. गाडी गंगापूर रोडवरच्या ऑफिसपुरती, महिन्याला ५०० किलोमीटर चालत असेल, तर ५१,२०० यायला वीस महिने लागतील. म्हणजे १२ मार्च २०२६ ही तारीख आधी आली. दर शनिवार-रविवारी मुंबई करणाऱ्याची तीच गाडी महिन्याला १,७५० चालली, तर सहा महिन्यांच्या आतच ऑइलची वेळ होते.

शीटला हे आपोआप काढता येतं. पण किलोमीटर आणि तारीख यांची थेट तुलना होत नाही, आणि बहुतेकांची सूत्रं इथेच चुकतात. आधी किलोमीटरची तारीख करून घ्या: उरलेले किलोमीटर भागिले रोजचं सरासरी चालणं, अधिक मीटरचा आकडा भरला ती तारीख. महिन्यांची तारीख 'एडेट' (EDATE) हे तारखेत महिने मिळवणारं सूत्र देतं. मग या दोन तारखांना 'मिन' (MIN), म्हणजे सर्वांत लहान आकडा काढणारं सूत्र, लावा. तारीख शीटच्या पोटात साधा आकडाच असते (१ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८), त्यामुळे लहान म्हणजे आधीची, हे तिला बरोबर कळतं. उत्तर आकड्यात दिसलं तर त्या रकान्याला तारखेचं रूप द्या. किलोमीटरच्या रकान्यात "४१ हजार" असं अक्षरात लिहिलंत तर मात्र सूत्र तिथेच अडतं. नुसता आकडा टाका.

एक्सेल की गूगल शीट, लाल रंग की पिवळा, याला महत्त्व नाही. मीटरचा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला भरा, बस.

गेल्या रविवारी शेजारच्या काकांबरोबर बसून त्यांची शीट अशी नव्यानं मांडली. जुनी बिलं चाळत पंधरा ओळी भरायला तासभर लागला. पाच ओळींत "शेवटचं कधी" याचं उत्तर कुठल्याच बिलात मिळालं नाही. अंदाजानं तारीख टाकू दिली नाही. माहीत नसेल तर ते काम आजच करायचं धरा, म्हटलं. स्टेपनी कधीची, तेही आठवेना, म्हणून खाली जाऊन डिकी उघडली. टायरच्या कडेला चार आकडे होते, २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. काकांनी तिथेच उभं राहून ते शीटमध्ये लिहिलं आणि टायरवाल्याला फोन लावला.