युनियन रजिस्टर झाली म्हणजे मान्यता मिळाली का?

चाकण, रांजणगावकडची विशी-पंचविशीतली पोरं युनियन काढतात आणि रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट हातात पडलं की गेटवर पेढे वाटतात. मग मागणीपत्र घेऊन गेले की एचआरवाला शांतपणे विचारतो, रजिस्टर आहे हो, पण मान्यता कुठंय? पोरांना वाटतं हा गंडवतोय. तो एरवी गंडवत असेलही, पण हे वाक्य खरं असतं.

रजिस्टर म्हणजे युनियन जन्माला आली, एवढंच. सात जणांनी अर्ज करायचा, आणि कारखान्यातले १० टक्के किंवा १०० कामगार, जे कमी असेल तेवढे सभासद लागतात, फक्त सातच्या खाली चालत नाही. हे १९२६ च्या कायद्यात होतं, आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तोच हिशोब आहे. एकाच कंपनीत अशा तीन युनियन असल्या तरी कायदा काही म्हणत नाही.

मान्यता हे वेगळंच प्रकरण. महाराष्ट्रात त्यासाठी १९७१ चा कायदा आहे, ज्याला सगळे एमआरटीयू पल्प म्हणतात. कंपनीत ५० किंवा जास्त कामगार पाहिजेत, अर्ज औद्योगिक न्यायालयात करायचा, आणि अर्जाच्या आधीचे सहाच्या सहा महिने किमान ३० टक्के कामगार तुमचे सभासद असले पाहिजेत. मान्यता मिळते एकाच युनियनला. तिला मग आवारात वर्गणी गोळा करता येते, नोटीस बोर्ड लावता येतो, आणि सगळ्यांच्या वतीने बोलायला खुर्ची मिळते. मान्यता नसलेलीला काय, तर एखाद्या सभासदाला सस्पेंड केलं किंवा काढलं तर त्याच्यापुरतं मालकाशी बोलायचं आणि चौकशीत त्याच्या बाजूने उभं राहायचं, बस. अर्थात मालकाची तयारी असेल आणि दुसरी मान्यतावाली नसेल तर नुसत्या रजिस्टर युनियनशीही करार होतो, पण तो त्याच्या मर्जीवर.

हा फरक कागदावरचा वाटत असेल तर १९८२ आठवा. अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक युनियन, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बोलायचा हक्क असलेली, मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघ! माणसं एकीकडे, कायद्याचा शिक्का दुसरीकडे.

केंद्राच्या नव्या संहितेत तर जास्त युनियन असतील तिथे एकटीने बोलायला ५१ टक्के लागतात, तेवढे कुणाकडेच नसले तर २० टक्केवाल्या युनियनची मिळून बोलणी करायला कौन्सिल. आणि एक गोष्ट पोरं हमखास विसरतात, ॲप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला पोरगा कायद्याने कामगार नाही, शिकाऊ. तो लाईनवर तुमच्याच शेजारी आठ तास उभा असेल, तरी टक्केवारी त्याच्या भरवशावर काढू नका.

आमची स्वतःची गंमत सांगतो, कंपनीचं नाव राहू दे. ४२० कामगार, म्हणजे ३० टक्के झाले १२६. आमच्याकडे दीडशेच्या वर नावं, सगळे खुशीत. पण पावती पुस्तकं काढून महिन्यावार लावली तर दिवाळीच्या महिन्यात ११९ पावत्या निघाल्या, कारण बोनस हातात आल्यावर अर्धी पोरं गावाला गेली आणि खजिनदारपण त्यांच्यासोबतच गेला. कायद्यात वर्गणी महिन्याला किमान पन्नास पैसे आहे, पन्नास पैसे! तेवढी कुणी लिहून घेतली नाही म्हणून सहा महिन्यांचा हिशोब परत पहिल्यापासून सुरू. आता पुस्तक खजिनदाराच्या डब्याच्या पिशवीत असतं आणि दर सात तारखेला कॅन्टीनमध्ये पोळीभाजीच्या आधी पावत्या फाडतात.