कलम ३७७ गेलं म्हणजे समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मिळाला?

विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर परवा पुन्हा ऐकलं, "३७७ गेलं तेव्हाच या समलिंगी लोकांना लग्नाचा हक्क मिळाला, आता आणखी काय पाहिजे?"

नाही मिळाला. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध दंड संहितेच्या कलम ३७७मधल्या गुन्ह्यातून वगळले, एवढंच. लग्नाची मागणी १७ ऑक्टोबर २०२३ला फेटाळली गेली; तो विषय कायदेमंडळाचा, असं ठरलं. आणि संसदेत? खासदार सुप्रिया सुळेंनी २०२२मध्येच अशा लग्नांसाठी खासगी विधेयक मांडलं होतं, ते तिथंच राहिलं. केंद्र सरकारने तर कोर्टात विरोधच केला. संताप येतो.

माझ्या मित्राने जोडीदाराला सांगलीतल्या एका दवाखान्यात नेलं. नऊ वर्षांचा संसार, पण फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' पुढे लिहावं लागलं 'मित्र'. ऑपरेशनच्या कागदावर सही झाली ती जतहून भाऊ आल्यावर.