स्कालातला अंडरस्कोअर कुठे चालतो, कुठे अडतो

स्काला या प्रोग्रामिंग भाषेत यादीतला प्रत्येक आकडा दुप्पट करायला एवढंच पुरतं: आकडे.मॅप(_ * २). फंक्शनला नाव नाही, त्याला मिळणाऱ्या मूल्यालाही नाही. कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, तो अंडरस्कोअर (_) वाचतो आणि क्ष => क्ष * २ असं पूर्ण फंक्शन स्वतःच उभं करतो.

पण क्ष पूर्णांक आहे हे त्याला कळतं कसं? यादीवरून. यादी पूर्णांकांची आहे आणि मॅप तिच्यातला एकेक घटक फंक्शनला देणार, म्हणजे क्ष पूर्णांकच. मूल्याचा टाइप, म्हणजे प्रकार, असा संदर्भावरून ओळखण्यालाच टाइप इन्फरन्स म्हणतात. मात्र तेच सुटं, व्हॅल वापरून त्याला नाव देत लिहून बघा: व्हॅल दुप्पट = _ * २. कंपायलर लगेच अडतो, पॅरामीटरचा, म्हणजे फंक्शनला मिळणाऱ्या मूल्याचा, टाइप सांगा म्हणतो. नवशिके इथे वैतागतात, पण त्याचं म्हणणं रास्त आहे. स्कालात मजकुरालाही गुणता येतं. "हा" * २ म्हणजे "हाहा". आजूबाजूला यादी नसेल तर यातला कोणता गुणाकार हवाय, हे ठरवायचं कशावरून? मग (_: इंट) * २ असं लिहावं लागतं; इंट म्हणजे पूर्णांक.

ओकॅमल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत ही अडचण येत नाही. तिथे + हे चिन्ह फक्त पूर्णांकांसाठी राखलेलं आहे, त्यामुळे चिन्हावरूनच टाइप निघतो. संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर यांनी १९७८मध्ये मांडलेली टाइप ओळखण्याची पद्धत त्यामागे आहे. स्कालात उलटं आहे: क्षचा टाइप कळल्याशिवाय * म्हणजे काय तेच कळत नाही, कारण ती त्या टाइपचीच मेथड, म्हणजे त्याच्याशी जोडलेली क्रिया, असते. शिवाय टाइपांचे उपटाइप, म्हणजे त्यांचेच खास प्रकार, असतात. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या विद्यापीठात २००१पासून स्काला घडवणाऱ्या मार्टिन ओडरस्की यांनी आसपासच्या संदर्भापुरताच अंदाज बांधणारी पद्धत घेतली. मला ही निवड पटते. चूक झालीच तर ती त्याच ओळीच्या आसपास सापडते.

दोन अंडरस्कोअर म्हणजे दोन वेगळी मूल्यं. यादीतले घटक दोन-दोन करत एकत्र आणणारं रिड्यूस(_ + _) बेरीज करतं ते त्यामुळेच; पण _ * _ म्हणजे वर्ग नव्हे, त्यासाठी क्ष => क्ष * क्ष असंच लिहायचं.

खरी फसगत कंसात होते. वर्ग हे आकड्याचा वर्ग काढणारं फंक्शन आहे असं धरा. आकडे.मॅप(वर्ग(_)) चालतं, पण आकडे.मॅप(वर्ग(_ + १)) चालत नाही. दुसऱ्यात फंक्शन आतल्या कंसातच तयार होतं आणि वर्गाला आकड्याऐवजी फंक्शन मिळतं. तिथे मॅप(क्ष => वर्ग(क्ष + १)) असं नाव देऊन मोकळं व्हावं.