भाजीला साबण लावू नका

२०२० च्या टाळेबंदीत व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरला: बाजारातून आणलेली भाजी साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे करोना मरेल. काही घरांत ही सवय अजून सुटलेली नाही. ती सोडा.

साबणाने विषाणूचं स्निग्ध आवरण फुटतं हे खरं, हात धुवायला सांगत होते ते त्यासाठीच. पण कोथिंबिरीच्या जुडीत, फ्लॉवरच्या तुऱ्यांत साबण अडकून बसतो, कितीही खळबळा. पोटात गेला की मळमळ, उलट्या, जुलाब. (भांड्यांची पावडर वापरणारेही होते, त्यांना काय म्हणावं!) शिवाय करोना पसरतो मुख्यतः श्वासावाटे. अन्नातून तो होतो याला पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच सांगितलं होतं. साबण, जंतुनाशक वापरू नका, असं ‘एफएसएसएआय’ या भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०२० मध्येच बजावलं होतं.

साधं पाणी पुरतं. पालेभाजी पातेलंभर पाण्यात सोडा, माती तळाशी बसली की वरच्यावर उचलून घ्या, पाणी बदलून पुन्हा तेच. बटाटे, गाजरं नळाखाली चोळून. फ्रिजमध्ये ठेवायची पालेभाजी मात्र आधी धुऊच नका, ओली जुडी लवकर सडते. निवडून, कोरडीच कागदात गुंडाळा आणि चिरायच्या आधी धुवा.