थायोकोल्चिकोसाइड

आखडलेले स्नायू सैल करण्यासाठी दिले जाणारे औषध. कंबरेत उसण भरणे, मान धरणे, मणक्याच्या दुखण्यामुळे पाठीचे स्नायू दगडासारखे घट्ट होणे अशा तक्रारींवर ते थोड्या दिवसांसाठी देतात. गोळ्या-कॅप्सूल ४ आणि ८ मिलिग्रॅमच्या असतात. इंजेक्शन स्नायूत टोचतात.

या औषधाचे मूळ कळलावीत आहे. पावसाळ्यात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात झुडपांवर चढलेला हा वेल दिसतो. पानाचे टोक लांबत जाऊन त्याचाच तणावा होतो आणि शेजारच्या फांदीला विळखा घालतो. पाकळ्या वर उलटलेल्या, कडेने नागमोडी, खाली पिवळ्या आणि टोकाला लाल. म्हणून ‘अग्निशिखा’ हेही नाव. जमिनीखालचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकलेला असल्याने संस्कृतात ‘लांगली’. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून या कंदाचा उपयोग करीत, त्यावरून ‘कळलावी’. भांडणे लावणाऱ्या माणसालाही मराठीत हेच विशेषण मिळाले, ते वेलीला उगाच बदनाम करणारे. कंद मात्र खरोखर जहाल आहे. त्यातल्या कोल्चिसिनमुळे विषबाधा होऊन माणसे दगावलेली आहेत.

कळलावीच्या बियांत कोल्चिकोसाइड नावाचे, कोल्चिसिनच्याच कुळातले द्रव्य असते. त्याच्या रेणूत गंधकाचा अणू असलेला गट बसवला की थायोकोल्चिकोसाइड तयार होते. नावातला ‘थायो’ या गंधकाचा. बियांसाठी कळलावीची रीतसर शेती होते, मुख्यतः तामिळनाडूत. तिथे हे राज्यफूलही आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ स्नायू पूर्ण शिथिल करणारी औषधे देतात, त्यांच्याशी याची गल्लत करू नये. ती औषधे मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथे संदेश अडवतात. थायोकोल्चिकोसाइड मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या जागांवर, काम करते. त्यांपैकी ‘गाबा’ या मेंदूला शांत ठेवणाऱ्या द्रव्याच्या ग्राहींना ते अडवते, त्यामुळे फिट येण्याचा धोका असतो. अपस्माराच्या रुग्णांना ते देत नाहीत. पक्षाघात किंवा मज्जारज्जूच्या इजेनंतर हातपाय कडक होतात, त्या वेळी सहसा बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडिन ही स्नायू सैल करणारी दुसरी औषधे वापरतात.

औषधाची खरी अडचण २०१३ साली पुढे आली. शरीरात त्याचे विघटन होऊन जे एक द्रव्य बनते, ते विभाजन होणाऱ्या पेशींमधल्या गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकते, असे प्रयोगांत आढळले. अशा बिघाडाचा संबंध गर्भातील दोष, पुरुषांची कमी झालेली प्रजननक्षमता आणि कर्करोगाचा वाढता धोका यांच्याशी लावला जातो. म्हणून युरोपियन मेडिसिन्स एजन्सी या युरोपातल्या औषध नियामक संस्थेने मर्यादा घातली: तोंडाने जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, फार तर ७ दिवस, इंजेक्शन ४ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, फार तर ५ दिवस. वय १६ च्या खाली असेल तर नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना नाही; मूल होऊ शकणाऱ्या बाईलाही गर्भनिरोधक घेत नसेल तर नाही. अमेरिकेत या औषधाला मान्यताच नाही.

मुंबईत हे लांबलचक नाव केमिस्टच्या काउंटरवर क्वचितच कोणी उच्चारते. ‘कंबर धरलीय, मागच्या वेळची तीच गोळ्यांची पट्टी द्या’ एवढ्यावर काम भागते. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. पट्टी उलटी करून बारीक अक्षरे वाचली तर बऱ्याचदा दोन नावे दिसतात: ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि थायोकोल्चिकोसाइड ४ मिलिग्रॅम. म्हणजे वेदनाशामक आधीच आत आहे. ते लक्षात न आल्याने माणूस घरातली दुखण्याची आणखी एक गोळी वर घेतो आणि पोटात जळजळ सुरू झाली की दोष रिकाम्या पोटी घेतलेल्या चहाला देतो. थायोकोल्चिकोसाइडने स्वतः जुलाब, पोटदुखी होऊ शकते. काहींना गुंगीही येते; रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्याने किंवा लोकलच्या दारात उभे राहणाऱ्याने पहिली गोळी रात्री घरी असताना घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.