तंतुमय वायुगाळण

हवेत तरंगणारी धूळ, धूर, परागकण, बुरशीचे बीजाणू असे सूक्ष्मकण वेगळे काढण्यासाठी हवा बारीक तंतूंच्या थरातून जाऊ देण्याच्या पद्धतीला तंतुमय वायुगाळण म्हणतात. हे थर कापूस, लोकर, कागदाचा लगदा, काचतंतू किंवा पॉलिप्रॉपिलीनसारख्या कृत्रिम तंतूंचे असतात. नाकावरचा मास्क, ट्रॅक्टरचा एअर फिल्टर आणि शस्त्रक्रियागृहातील हेपा गाळणी (अतिसूक्ष्म कण अडवणारी उच्च क्षमतेची गाळणी) यांचे मूळ तत्त्व एकच आहे.

अशी गाळणी म्हणजे अतिबारीक छिद्रांची चाळणी, हा समज सर्वत्र आढळत असला तरी तो चुकीचा आहे. पीठ चाळताना कोंडा वर राहतो, कारण तो छिद्रापेक्षा मोठा असतो. तंतुगाळणीत मात्र बहुतेक कण तंतूंमधल्या मोकळ्या जागेपेक्षा कितीतरी लहान असतात आणि थराचा बराचसा भाग पोकळच असतो. कण अडतो तो तंतूला स्पर्श झाल्यामुळे, आणि इतक्या लहान मापावर पृष्ठभागांचे आकर्षण कणाच्या वजनाला भारी पडत असल्याने एकदा चिकटलेला कण सहसा सुटत नाही. एका मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) मोठे कण जड असल्यामुळे हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात, मध्यम कण तंतूच्या अगदी जवळून जाताना त्याला घासून अडकतात, ०.१ मायक्रॉनहून लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भरकटत तंतूपर्यंत पोहोचतात. त्यामुळे सर्वांत लहान कण निसटतो असे नाही. अवघड असतो तो ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण, आदळण्याइतका जड नसलेला आणि भरकटण्याइतका हलकाही नसलेला. म्हणूनच हेपा गाळणीची कसोटी याच मापाच्या कणांवर घेतात आणि त्यांपैकी ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत अशी अट असते.

तंतू जितका बारीक तितकी गाळणी चांगली, परंतु थर दाट होत गेला की श्वास घेणे जड जाते. वितळलेले प्लॅस्टिक गरम हवेच्या झोताने ओढून काही मायक्रॉन जाडीचे तंतू बनवण्याची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाली. पुढे अशा तंतूंवर टिकाऊ विद्युतभार बसवता आल्याने विरळ थरही कण खेचून धरू लागला. एन-९५ मास्क हलका असूनही ९५ टक्के कण अडवतो तो मुख्यतः या भारामुळे, आणि म्हणूनच तो साबणाने धुणे म्हणजे त्याची शक्ती घालवणे होय. धुतल्यावर तो दिसायला तसाच राहतो, हा त्यातला मोठा धोका आहे.

विदर्भाच्या ग्रामीण भागात या विषयाशी रोजचा संबंध येतो. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होताना उडणारी तूस व धूळ शेडच्या छताखालच्या कैच्यांवर, कोळ्यांच्या जाळ्यांवर आणि मजुरांच्या भुवयांवर पांढरी साचते. डोळ्यांना दिसणारी ही तूस नाकातच अडते. फुप्फुसात खोल जाते ती तिच्यासोबतची न दिसणारी धूळ. कापसाच्या धुळीतील जिवाणुजन्य विषांचा बिसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराशी संबंध आढळला आहे, आणि सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे.

तुरीच्या किंवा सोयाबीनच्या मळणीच्या वेळी, कुटार म्हणजे भुसा उडत असताना, तोंडाला दुपट्टा बांधण्याची रीत आहे. काम संपल्यावर दुपट्ट्यावर नाकापाशी उमटलेला मातकट डाग पाहून सारी धूळ अडली असे वाटते. प्रत्यक्षात विणलेल्या कापडात हवा सुतांमधल्या मोठ्या फटींतून वाट काढते, त्यामुळे भरड धूळ अडते आणि बारीक धूळ पार होते. दुपट्टा निरुपयोगी नाही, पण मास्कची जागा तो घेऊ शकत नाही. मास्कही नाकाच्या कडांना घट्ट बसला नाही तर हवा गाळणीतून न जाता फटीतून जाते.

ट्रॅक्टरच्या घड्यांच्या कागदी फिल्टरबाबत उलटी चूक होते. साचलेल्या धुळीचा पातळ थर काही काळ गाळण्यास मदतच करतो, परंतु फिल्टर आपटून किंवा जोरदार हवा मारून झाडताना कागदाला बारीकशी चीर पडली, की तिथूनच धूळ इंजिनात जाते.

गाळणीची खरी मर्यादा फवारणीत दिसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. तंतूंचा थर औषधाचे तुषार अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाचा वेगळा थर लागतो. शिवाय कीटकनाशक कातडीतूनही शरीरात शिरते, त्यामुळे माणसाहून उंच वाढलेल्या कपाशीत फवारताना भिजलेला दुपट्टा ते विष तोंडाशी आणि मानेशी धरून ठेवतो. तो लगेच सोडून अंग साबणाने धुणे आवश्यक असते.